समुद्रातला मोठा मासा ओळखायचा कसा, खास नागपूरकरांसाठी

आपण नागपूरचे लोक रोहू, कतला, मरळ लांबूनच ओळखतो पण मालवण, अलिबाग नाहीतर पुरीला गेलो न् जेट्टीवर मोठाले मासे दिसले की सगळीच सुरमई वाटायला लागते. मंगळवारी बाजारात बर्फातला माल पाहतानाही तेच होते. म्हणून जरा नीट सांगून राहिलो.

पहिले तर रंगावर जाऊ नका. मेल्यावर माशाचा रंग उतरतो, बर्फात अजून फिका पडतो, माहीमाही नावाचा मासा तर पाण्यात सोनेरी-हिरवा असतो आणि मेल्यावर थोड्याच वेळात करडा दिसतो. रंगापेक्षा पर पाहा, तोंड पाहा, शेपटी पाहा, आणि कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी बारीक रेघ पाहा. म्हणूनच मासा मुंडकं-शेपटीसकट अख्खा पाहायचा, कापायचा नंतर.

आता सुरमई. पाठीवरच्या मागच्या परापासून शेपटीपर्यंत छोट्या छोट्या परांची रांग असते, वर पण आणि खाली पण. ही रांग बांगड्याला असते, कुप्याला म्हणजे ट्यूनालाही असते, म्हणजे यावरून फक्त खानदान कळलं. सुरमई लांब आणि बाजूंनी चपटी, दात चपटे तिकोनी धारदार. कुपा गोलसर भरलेला, शेपटीजवळ एकदम बारीक होतो, कापला की मांस गडद लाल निघते. सुरमईतही प्रकार आहेत, अंगावर वरून खाली जाणारे नागमोडी पट्टे असतील तर ती मोठी होणारी जात, दोन मीटरच्या वर जाते, आणि तिची ती बारीक रेघ पाठीवरच्या दुसऱ्या पराखाली अचानक खाली उतरते. गोल ठिपक्यांच्या ओळी असतील तर दुसरी जात, ही तेवढी मोठी होत नाही.

बाराकुडा लांबून सुरमईसारखाच वाटतो. पण त्याला ती छोट्या परांची रांग नसते, पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून बरेच दूर असतात आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो. काप करून ठेवले असतील तर बाराकुड्याचा काप जवळपास गोल आणि सुरमईचा लांबट दिसतो, पण कापावरून खात्री करायला डोळा मुरलेला लागतो, तेव्हा मुंडकं मागाच.

रावस सगळ्यात सोपा. छातीच्या पराखाली चार सुटे धागे लोंबत असतात, आणि नाक तोंडाच्या पुढे आलेलं, तोंड त्याच्या खाली. धागे दिसले नाही तर बोटाने पर उचलून पाहा, विकणारी ताई रागावत नाही, विचारून करा फक्त.

घोळ आणि जिताडा यात लोक फार गोंधळतात. दोघांचीही ती रेघ शेपटीच्या परावर पुढे जाते त्यामुळे तिच्यावरून फरक कळत नाही. जिताड्याचं कपाळ आत दबलेलं, खालचा जबडा पुढे, शेपटी गोल. घोळीचं थोबाड बोथट असते. तरी शंका राहिलीच तर पोटाखालच्या मागच्या परातले काटे मोजा, घोळीला दोन, जिताड्याला तीन. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला परदेशात प्रचंड भाव आहे, म्हणून मोठी घोळ सापडली की पेपरात बातमी येते. 2023 मध्ये गुजरातने घोळीला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राने पापलेटला.

पापलेट काही मोठा मासा नाही पण विषय निघाला तर सांगूनच टाकतो, कारण आपल्याकडे तळ्यातला रूपचंद पापलेट म्हणून खपवणारे भेटतात. पापलेटला पोटाखाली जोडीचे पर नसतातच. रूपचंदला असतात, वरून शेपटीजवळ पाठीवर एक छोटा मांसल पर असतो आणि तोंड उघडलं की माणसासारखे दात दिसतात. एवढं पाहिलं तर पैसे वाचतील भाऊ.

मुशी आणि पाकट ओळखायला कल्ल्याच्या फटी पाहा. बाजूला असतील तर मुशी म्हणजे शार्क, खालच्या अंगाला असतील तर पाकट म्हणजे इंग्रजीतला रे, मग वरून आकार कितीही शार्कसारखा असो. आणि कल्ल्यावर एकच हाडाचं झाकण असेल तर दोन्ही नाही, कोबिया नावाचा मासा पाण्यात अगदी शार्कसारखा दिसतो पण त्याला झाकण असते आणि डोकं वरून चपटं असते. व्हेल शार्कच्या अंगावर पांढरे ठिपके, तोंड रुंद आणि एकदम समोर, बारा मीटरच्याही वर वाढतो. त्याला 2001 पासून कायद्याने संरक्षण आहे, किनाऱ्यावर दिसला तर वनखात्याला कळवा. शेपटी आडवी असेल तर तो मासाच नाही, डॉल्फिन किंवा देवमासा आहे, माशाची शेपटी उभी असते.

पाकट उथळ वाळूत लपून बसतो हे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा. 2013 मध्ये गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना त्याचा काटा लागला होता. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला म्हणजे तो आधीच पळतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, पाणी गार झालं की बदला, आणि काटा आत राहिला असेल तर घरी ओढत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.