अंदमानची ट्रिप कागदावर उतरवायची असेल तर आधी फोन बाजूला ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं अंदमानला जाऊन आलो, मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. ठाण्याला परत आल्यावर पहिल्याच रविवारी हॉलमध्ये चटई टाकली आणि प्रत्येकाला एक कागद दिला. नियम एकच, फोन उघडायचा नाही, जे पहिलं आठवेल तेच काढायचं. मला वाटलं होतं सगळे बीचच काढतील, पण नवऱ्याने लाईफ जॅकेटचं केशरी बकल काढलं, आणि सासूबाईंनी शहाळंवाल्याचा कोयता काढला, पात्याला आतल्या बाजूला जो बाक असतो ना, तो अगदी बरोब्बर. ही पायरी अजिबात गाळू नका. फोटो समोर ठेवून काढलं की सगळ्यांचं एकसारखंच होतं, निळं पाणी आणि एक नारळाचं झाड, आणि त्यात तुमची ट्रिप कुठेच दिसत नाही.

आता सामान. बाकी काही स्वस्तातलं चालेल पण कागद चांगला घ्या, 300 जीएसएमचा, म्हणजे जाड. साध्या ड्रॉइंग बुकाचा कागद पाणी लागलं की फुगतो. चारही बाजूंनी मास्किंग टेपने पॅडवर चिकटवा. रंग मुलांचे ट्यूबवाले वॉटर कलर असतील तरी पुरे.

समुद्र रंगवताना सगळेच जण ट्यूबमधला निळा थेट लावतात आणि मग ते पाणी स्विमिंग पूलसारखं दिसतं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट दिसतं ते का, तर खाली वाळू पांढरी आहे, प्रवाळाचा चुरा असतो त्यात, उथळ पाण्यातून प्रकाश खाली जाऊन परत वर येतो आणि मधल्यामधे पाणी त्यातला लाल भाग खाऊन टाकतं. म्हणून कागदावरही किनारा जवळजवळ कोराच ठेवायचा, मग अगदी पातळ व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा) थेंबभर सेरुलियन (आकाशी), आणि ते ओलं असतानाच क्षितिजाच्या बाजूने अल्ट्रामरीन (गडद निळा). पॅड क्षितिजाची बाजू खाली येईल असा तिरका धरा म्हणजे गडद रंग आपोआप क्षितिजाकडे ओघळतो, ब्रशने घासत बसायची गरजच नाही.

लाटांचा फेस हवाय तिथे रंग लावायच्या आधीच पांढरी मेणबत्ती घासून ठेवा, मेणावर पाणी धरत नाही. आणि वाळूच्या ओल्या पट्ट्यावर मीठ टाकून बघा, जाडं मीठ, स्वयंपाकघरातलंच. मीठ पाणी ओढून घेतं आणि प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. फक्त वेळ साधावी लागते, रंगाची चकाकी जायला लागली की लगेच टाकायचं. खूप ओलं असेल तर विरघळून जातं, वाळलं असेल तर काहीच होत नाही. पंखा बंद ठेवा. आपल्या हवेत वाळायला वेळ लागतो पण घाई करू नका, पूर्ण वाळल्यावर हाताने झटका, एकही खडा राहू देऊ नका, नाहीतर तो दमट हवा ओढत राहतो आणि कागद तिथे ओलसरच राहतो.

हॅवलॉकच्या राधानगर बीचवरचा सूर्यास्त लेकीला काढायचाच होता. तिथे घड्याळ आपलंच पण बेटं एवढी पूर्वेला आहेत की नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारालाच सूर्य बुडायला लागतो, ती सारखी म्हणत होती, आई एवढ्यात कसा? रंगाची खुबी अशी की निळ्याला पिवळा भिडला तर आकाश हिरवं होतं आणि केशरी भिडला तर मातकट. मधे गुलाबीचा पट्टा घ्या, तो दोघांशीही जुळवून घेतो.

अंदमानातल्याच बाराटांग बेटावर बोटीतून काढलेले कांदळवनाचे माझे फोटो सगळे हललेले निघाले. मग आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो, खाडीतली झाडं जवळून बघायला. गंमत म्हणजे मुळं वेगळीच! तिकडे कमानीसारखी पाण्यात उतरलेली मुळं होती, आणि आपल्या ठाणे खाडीत बहुतेक तिवर, त्याची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर येतात. मी एकाच कागदावर दोन्ही काढली, डावीकडे बाराटांग, उजवीकडे ऐरोली. अगरबत्तीची जळलेली काडी काळ्या शाईत बुडवून मुळं काढा, ब्रशपेक्षा रेघ छान खडबडीत येते.

शंख, शिंपले, प्रवाळ मात्र तिकडून आणायचे नाहीत. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात, पण मुळात ते तिथलं आहे, तिथेच राहू दे. लेकीने मेलेल्या प्रवाळाचा एक तुकडा उचलला होता, तो वहीवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली आणि होता तिथे परत ठेवला. ती रेघ आज आमच्याकडची सगळ्यात आवडती वस्तू आहे.

आणि पोतासाठी देशी बदामाचं पान घ्या, अंदमानच्या किनाऱ्यावर तेच झाड आहे आणि आपल्या सोसायट्यांच्या कंपाऊंडलाही तेच. थंडीत लाल झालेलं, पडलेलं पान उचला, मागच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात, तिथे स्पंजने पोस्टर कलर टिपा, कागदावर पालथं ठेवा, वर वर्तमानपत्र आणि हलक्या हाताने लाटणं फिरवा.

फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगा, काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात चिकटते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल येते. आमची चारही चित्रं पॅसेजमध्ये लागणार आहेत, फक्त सासूबाईंचा कोयता अजून अडलाय, त्यांना पात्यासाठी चंदेरी रंगच हवाय, तो आणायला उद्या गोखले रोडला जायचंय.