व्हॅनच्या टायरमध्ये हवा किती असावी आणि ती कशी तपासावी

पंपावर हवेच्या नळीपाशी गाडी लावली की भरणारा विचारतो, "किती टाकू?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "सगळ्यांत पस्तीस." लहान मोटारीला हे एक वेळ खपून जातं. व्हॅनला नाही, कारण तिच्या मागच्या चाकांवरचं वजन रोज बदलतं. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटातून कांदे-बटाट्याच्या गोण्या भरून ठाण्याकडे निघालेली व्हॅन आणि दुपारी रिकामी परतणारी तीच व्हॅन, मागच्या टायरांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आधी आकडा शोधा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि सीटच्या बाजूच्या खांबावर पाहा. तिथे बहुधा एक स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी असते. तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तकात असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. बऱ्याच माल-व्हॅनना रिकामी आणि भरलेली असे दोन रकानेही असतात. आकडे पीएसआयमध्ये (पंपावर बोलतात त्या दाबाच्या मापात) नसून केपीए किंवा बारमध्ये असतील तर गोंधळू नका: १०० केपीए म्हणजे १ बार, म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. २४० केपीए लिहिलं असेल तर ते ३५ पीएसआय.

टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा म्हणजे तुम्ही भरायची हवा नव्हे. पूर्ण वजन पेलताना त्या टायरचा दाब किती असावा, याचा तो आकडा आहे. मात्र मापाशेजारी असलेला लोड इंडेक्स जरूर वाचा. ८८ असेल तर तो टायर ५६० किलो पेलू शकतो, पण पुरेशी हवा असेल तरच. हवा कमी झाली की ही क्षमताही उतरते. टायर बदलले असतील तर माप आणि लोड इंडेक्स पट्टीवर दिल्याप्रमाणेच आहेत ना, तेही बघून घ्या. स्वस्तात मिळाले म्हणून माल-व्हॅनला मोटारीचे टायर घातलेले दिसतात. अशा वेळी पट्टीवरचा आकडा काही कामाचा राहत नाही.

सीएनजीची लोखंडी टाकी बाहेरून बसवून घेतली असेल तर तिचं वजन पट्टीवरच्या 'रिकामी' या शब्दात धरलेलं नाही. एक माणूस मागे कायमचा बसला आहे असं समजा आणि मागची हवा भरलेल्या रकान्याच्या जवळ ठेवा.

टायर थंड असतानाच मोजा

गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा त्यानंतर फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी. पट्टीवरचे सगळे आकडे थंड टायरचे असतात. चालून टायर तापला की आतला दाब ४ ते ६ पीएसआयने सहज चढतो. नुसतं ऊनही पुरतं: एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गाडीची उन्हाकडची चाकं सावलीतल्या चाकांपेक्षा जास्त दाखवतात. तापमानातल्या दर १० अंशांच्या फरकाला ३५ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण दीड, तर ५० च्या टायरमध्ये दोन पीएसआयचा फरक पडतो. म्हणून वेळ सकाळची, ऊन यायच्या आधीची.

गेज स्वतःचं ठेवा. पंपावरचं गेज दिवसातून कितीदा जमिनीवर आपटतं ते तुम्ही पाहिलंच असेल. घड्याळी किंवा डिजिटल, कुठलंही चालेल, पण निदान ८० पीएसआयपर्यंत मोजणारं घ्या. पेनासारखी स्वस्त गेज बऱ्याचदा ५० लाच संपतात.

१. व्हॉल्वची टोपी काढून खिशात टाका. जमिनीवर ठेवली की ती हरवते आणि उघड्या व्हॉल्वमध्ये पावसाळ्याचा चिखल जातो.

२. गेज व्हॉल्ववर सरळ दाबा. तिरकं लागलं तर फुस्स आवाज येत राहतो आणि आकडा कमी दिसतो. आवाज थांबला की वाचा. दोनदा मोजा; दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

३. चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा, आणि कुठल्या चाकात किती कमी हेही लिहा. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल. पुढे गळती शोधायला याच नोंदी लागतात.

४. पायपंप किंवा १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर तिथेच भरा. जास्त झाली तर व्हॉल्वची मधली पिन नखाने किंचित दाबून सोडा आणि पुन्हा मोजा.

पंपावर भरायची असेल तर

बहुतेकांची चूक इथेच होते, कारण पंपापर्यंत पोचताना टायर तापलेला असतो. उपाय सोपा आहे: आकडा नाही, कमतरता भरा. समजा मागच्या टायरला ४५ हवेत आणि घरी थंड असताना ३८ मिळाले. म्हणजे ७ कमी. मानपाड्याहून निघून पंपावर पोचेपर्यंत तोच टायर ४१ दाखवू लागला. आता यंत्रावर ४५ लावू नका, ४१ अधिक ७ म्हणजे ४८ लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर पुन्हा मोजा. एखाद-दुसरा पीएसआय जास्त असेल तर तेवढी हवा सोडा.

उलट चूक जास्त घातक. ठाणे-बेलापूर रोडवर तासभर भरलेली गाडी चालवून मोजलं, ४५ चे ५० दिसले, म्हणून हवा सोडली. टायर थंड झाला की तो ४० वर बसतो आणि उद्या तेवढ्याच हवेवर तेवढंच वजन वाहतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका.

नायट्रोजनचा आग्रह कोणी केला तर हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ठरल्या वेळी मोजणं दोन्हींत चुकत नाही.

कमी हवेने काय होतं, जास्तीने काय

हवा कमी असली की दर फेऱ्याला टायरची बाजू जास्त वाकते आणि सरळ होते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. वर ओझं आणि मे महिन्याचा डांबरी रस्ता असला की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि टायर फुटतो तो यामुळे. तोवर टायरच्या दोन्ही कडा झिजतात आणि इंधन जास्त जातं. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या खड्ड्यात असा टायर आदळला की खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात तो चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलायचाच.

जास्त हवेने टायर मधल्या पट्ट्यात झिजतो आणि रिकामी व्हॅन मागून उडते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर त्याचा पत्ता लागतो. ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरायचा म्हणून हवा वाढवणं हा तर मुळीच उपाय नाही.

झीज एकाच कडेला असेल तर दोष हवेचा नसतो. अलाइनमेंट करून घ्या.

एकच चाक सारखं उतरतं

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय कमी होतात. एकच चाक आठवड्याला दोन-तीन उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी करा आणि या क्रमाने लावा: व्हॉल्वचं तोंड, व्हॉल्वचा बुंधा, टायरची नक्षी, मग रिम आणि टायर जिथे भिडतात ती गोल कड. बुडबुडे जिथे, गळती तिथे.

व्हॉल्वच्या तोंडातून येत असतील तर आतली पिन किंचित आवळून पाहा; नाही थांबले तर पिन बदला, ती काही रुपयांची वस्तू आहे. बुंध्यातून येत असतील तर अख्खा व्हॉल्व बदलावा लागतो. खिळा असेल तर घरी उपटू नका, तसंच पंक्चरवाल्याकडे न्या. दोरीचं पंक्चर फक्त नक्षीच्या भागात चालतं, बाजूला नाही. लांब धावणाऱ्या व्हॅनला आतून लावायचा छत्रीसारखा पॅच जास्त भरवशाचा. रिमच्या कडेतून बुडबुडे येणं आपल्याकडे नवल नाही. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी रिमला आतल्या कडेवर गंज धरतो आणि टायर नीट बसत नाही. टायर काढून, गंज तारेच्या ब्रशने घासून, कडेला सीलंट लावून पुन्हा बसवायला सांगा. नुसती हवा भरत राहिलात तर गंज वाढतच जातो.

हवा गेलेल्या टायरवर "कोपऱ्यापर्यंतच जायचंय" म्हणून गाडी नेली असेल, तर पंक्चर काढताना टायरच्या आत बघायला सांगा. काळी रबरी भुकटी निघाली किंवा आतल्या बाजूला गोल रेघ उमटलेली दिसली, तर त्या टायरच्या बाजू खलास झाल्या आहेत. पॅच टिकेल, टायर टिकणार नाही.

वेळापत्रक साधं ठेवा. रोज माल वाहणाऱ्या व्हॅनची हवा आठवड्याला, घरगुती व्हॅनची पंधरा दिवसांनी, आणि गावाला निघण्याआधी वजनाचा अंदाज घेऊन वेगळी. बऱ्याच व्हॅनची स्टेपनी मागे खाली टांगलेली असते आणि म्हणूनच विसरली जाते. तिच्यात पट्टीवरचा सर्वांत मोठा आकडा भरून ठेवा, कारण ती पुढे लागेल की मागे ते आधी कळत नाही. पुढे लावली तर हवा सोडता येते. जूनच्या आधी एकदा ती खाली उतरवून तिच्या स्क्रूला ग्रीस लावा. गंजलेला स्क्रू भर पावसात, रात्री, मुंब्रा बायपासवर फिरत नाही.