खान्देशात ग्रुपने गाड्या घेऊन फिरताय? या चुका टाळा

धुळे-जळगाव रस्त्याने जाऊन आलेले बरेच ग्रुप म्हणतात, 'तिकडे बघण्यासारखं काही नाही, लोकही फारसे बोलत नाहीत.' दोन्ही खोटं आहे. लोक भरभरून बोलतात, पण तीन गाड्यांमधून पंधरा जण एकदम उतरून मोबाईल वर धरतात, तेव्हा कोण बोलेल?

सगळ्यात मोठी चूक हीच. पारावर चार म्हातारी माणसं बसलेली असली, तर दोघांनीच पुढे व्हा. बाकीच्यांनी टपरीवर चहा घ्यावा. 'आबा, राम राम' म्हटलं की बसायला जागा होते आणि पहिला प्रश्न तुम्हालाच येतो: कुठले? पाऊसपाणी कसं तिकडे? उत्तर नीट द्या, घाई करू नका. मग कापसाचा भाव, केळीवरचा करपा, गावची यात्रा असं सगळं निघतं. इथली बोली अहिराणी येत नसेल तर उगाच नक्कल करू नका, मराठी सगळ्यांना कळते.

दुसरी चूक वेळेची. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा 44-45 अंशांवर जातो आणि दुपारी गल्ल्या ओस पडतात. त्या वेळी पोहोचून 'गावात कोणीच नव्हतं' म्हणण्यात अर्थ नाही. शक्यतो हिवाळ्यात या. उन्हाळ्यात यायचंच असेल तर सकाळी सातला रस्त्याला लागा आणि दुपारी सावली धरा.

हिवाळ्यात आलात तर शेतातलं भरीत चुकवू नका. मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी किंवा पुऱ्या. चूक होते ती आयत्या वेळी पंधरा पानं सांगण्यात. खान्देशी माणूस 'नाही' म्हणणार नाही आणि घरातल्या बाया रात्रीपर्यंत राबतील. म्हणून आदल्या दिवशी कळवा, 'किराणा आम्ही आणतो' असं आधीच ठरवा आणि दोघातिघांना वांगी भाजायला लवकर पाठवा. खरी ओळख त्या जाळापाशीच होते. जेवून झाल्यावर हिशेब विचारू नका, तो शब्द मनाला लागतो.

नकाशावर फक्त मोठी नावं शोधणं हीसुद्धा चूकच. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे सोनगीर लागतं. गाड्या किल्ल्याकडे बघत निघून जातात, पण हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. काम चालू दिसलं तर कारागिराजवळ थोडं बसा. ठोक्यामागून ठोका पडतो, भांडं हातात फिरत राहतं आणि पत्र्यावर सारख्या खुणा उमटत जातात. इथे 'मशीनचं स्वस्त मिळतं' असं म्हणू नका. एक तांब्या घ्या.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला गावातच आहे. चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवला दगडी गोमुखातून गरम पाणी येतं, तिथे साबण लावू नका. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. हतनूर धरणाचं पाणी तिथवर फुगतं, त्यामुळे काठ शांत दिसला तरी पाण्यात उतरू नका. रस्ता चुकलात तर ॲपच्या भरवशावर केळीच्या बागांत शिरण्यापेक्षा किराणा दुकानात विचारा. मात्र 'किती लांब' विचारलं तर 'हे काय, इथंच' असं उत्तर येतं. 'गाडीला किती वेळ लागेल' असं विचारा.

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा आणि भिल्ल मंडळी होळीच्या खरेदीसाठी नटूनथटून येतात, ढोल-बासरी वाजते. 'इथे मुली पळवून लग्नं जमतात' ही ऐकीव गोष्ट घेऊन तिथे जाऊ नका. हा होळीचा बाजार आहे, असं आदिवासी समाजाचे लोक पुन्हा पुन्हा सांगतात आणि त्या बोलण्याचा त्यांना मनापासून राग येतो. चांदीचे दागिने घातलेल्या बायांच्या तोंडासमोर कॅमेरा नेणं तर फारच वाईट. आधी काहीतरी विकत घ्या, बोला, विचारा. 'नको' म्हटलं तर कॅमेरा खाली. 'हो' म्हटलं आणि तुम्ही 'फोटो पाठवतो' असं कबूल केलंत, तर नंबर तिथेच घ्या आणि गाडी सुरू करायच्या आधी फोटो पाठवून टाका. डोंगरात रेंज नसली, तर रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर पहिलं काम ते.