दुबईचे १२,००० की जुबैलचे १०,८००?

मे २०२२मध्ये एकाच आठवड्यात मला दोन ऑफर लेटरं आली. एक दुबईचं, दुसरं सौदीतल्या जुबैलचं. लोटे परशुरामच्या केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला नऊ वर्षं काढली होती आणि घराचं कर्ज अर्ध्याहून जास्त बाकी होतं. चिपळूणला आमच्या आळीत दर तीन घरांआड एक जण गल्फला असतोच, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता. दुबईला राहून आलेले म्हणत दुबईच. सौदीत राहून आलेले विचारत, "पैसे साठवायचेत की मॉल बघायचेत?" आकडे कागदावर मांडून कुणीच दाखवले नाहीत. ते काम शेवटी मी आणि बायकोने मुलींच्या जुन्या वहीत केलं.

आधी चलनाचा गोंधळ मिटवा. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम आणि ३.७५ रियाल, हे दर कित्येक वर्षं बांधलेले आहेत. म्हणजे १०० दिरहमचे साधारण १०२ रियाल. रुपया घसरला तर दोन्हीकडे सारखाच फायदा. "दिरहम भारी पडतो" हे ऐकलं तर मान डोलवा आणि विसरा.

दुबईचा पगार १२,००० दिरहम, पण त्यात बेसिक फक्त ४,८००, बाकी सगळे भत्ते. जुबैलचा १०,८०० रियाल: बेसिक ८,०००, घरभाडं २,०००, प्रवास ८००. मी नवखा, एकूण आकडाच बघत होतो. बेसिककडे बोट दाखवलं ते सौदीतल्या रास तनुराला वीस वर्षं काढलेल्या माझ्या मामांनी. अमिरातीत ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. माझ्या हिशेबाने वर्षाला ३,३६०. सौदीत पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा महिना, आणि तोही भत्त्यांसकट शेवटच्या पगारावर, म्हणजे ५,४००. इथवर सौदी पुढे. पण तिथे स्वतः राजीनामा दिलात तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश. तीन वर्षांनी कंटाळून सोडलं असतं तर दुबईत १०,०८० दिरहम आणि जुबैलला ५,४०० रियाल. तीच नोकरी करार संपल्यावर कंपनीने थांबवली असती तर जुबैलला १६,२००. तेव्हा किती वर्षं राहायचं याचा अंदाज आधी घ्या आणि मग बेरीज करा.

आमचा खरा कस मात्र कुटुंबाच्या पानावर लागला. बायको आणि दोन मुली. दुबईत अल नहदाला वन बीएचके वर्षाला ४५,००० सांगितला, चार चेकमध्ये. चेक पुढच्या तारखांचे आधीच द्यायचे. डिपॉझिट ५ टक्के, एजंटचे ५ टक्के, आणि दुबईचं वीज-पाणी खातं, ज्याला सगळे 'देवा' म्हणतात, त्याचं डिपॉझिट २,००० वेगळं. शिवाय वार्षिक भाड्याचे ५ टक्के हाऊसिंग फी म्हणून त्याच बिलातून महिन्याला थोडे थोडे जातात. दोघींची शाळा आणि बस धरून महिन्याला २,१००च्या आसपास. किराणा, फोन, येण्याजाण्याचा खर्च लावल्यावर १२,०००तले २,२०० उरत होते.

जुबैलला शहरात दोन खोल्यांचं घर वर्षाला २०,०००, भारतीय शाळेची फी दुबईच्या निम्म्याहून कमी, आणि प्लांटवर न्यायला कंपनीची बस. वहीत ५,२०० उरले तेव्हा आम्ही जवळजवळ होकार कळवलाच होता. त्याच रात्री दम्मामच्या मित्राने फोनवर विचारलं, "डिपेंडंट फी धरलीस का?" सोबत आणलेल्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे सौदी सरकार घेतं ती ही फी. मी ती ऐकलीही नव्हती. २०१७मध्ये माणशी महिना १०० रियालपासून सुरू झाली, दर वर्षी शंभरने वाढत २०२०मध्ये ४०० झाली. तिघींचे महिना १,२००, वर्षाचे १४,४००, आणि ते इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, नूतनीकरणाला आगाऊ मोजायचे. कंपनी भरते का, हे विचारलं. उत्तर आलं, धोरणात बसत नाही. ५,२००चे झाले ४,०००. तरी दुबईपेक्षा जास्तच, पण एकट्याने राहिलो तर दोन्हीकडचं चित्र पार बदलत होतं. गल्फमध्ये अशा संसारी माणसालाही 'बॅचलर'च म्हणतात. आम्ही ठरवलं, जुबैलच, पण पहिलं वर्ष बॅचलर, मग बघू.

हे वाचून कुणी सरळ जुबैल धरू नये. बायकोला नोकरी करायची असेल, किंवा सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन मोकळं हिंडायची सवय असेल, तर दुबईत २,२०० शिल्लक पडणं हा काही तोटा नाही. अमिरातीत मीना बाजारात पूजेचं सामान मिळतं, जेबेल अलीला मंदिर आहे. सौदीत आपला देव दाराआडच. कोकणातल्या माणसाने हे आधी स्वतःशी कबूल करावं, तिथे जाऊन कुढत बसू नये. माझ्यासाठी कामही महत्त्वाचं होतं. जुबैल म्हणजे पेट्रोकेमिकलचं गावच. मोठ्या प्लांटचा एक शटडाऊन, म्हणजे प्लांट थांबवून करायची मोठी दुरुस्ती, केला की पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. दुबईची नोकरी इमारतींच्या देखभालीची होती.

आता कागदपत्रं. जुबैलच्या कामासाठी मधे एक कन्सल्टंट होता. त्याने बेफिकिरीने सांगितलं, "व्हिसा टेक्निशियनचा निघेल, काम इंजिनिअरचंच आहे." इथे पाय रोवून उभे राहा. व्हिसावर लिहिलेला पेशाच इकाम्यावर येतो, आणि कुटुंबाचा व्हिसा मिळणार की नाही हे त्या पेशावर अडतं. इंजिनिअर म्हणून गेलात तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते, तिला साक्षांकित डिग्री लागते. मी डिग्री आधीच मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याच्या चक्रातून काढून आणली होती म्हणून माझं म्हणणं टिकलं. तीन आठवडे उशीर झाला, पण इंजिनिअरचाच व्हिसा आला.

मेडिकल मुंबईला. छातीच्या एक्स-रेवर जुन्या टीबीचा डाग दिसला तरी माणूस अनफिट होतो, मग तो कितीही ठणठणीत असो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत इथला राजीनामा देऊ नका. माझ्याबरोबर रांगेत उभा असलेला एक वेल्डर नोकरी सोडून आला होता आणि अनफिट ठरला. त्याचा चेहरा अजून आठवतो.

निघायची तारीखही हिशेबातच घ्या. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर अनिवासी धरला जातो आणि तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. सप्टेंबरअखेर अगदी काठावर येते. कंपनी १ ऑक्टोबर म्हणत होती. मी गणपती विसर्जन आटोपून १७ सप्टेंबरला निघालो.

पोचल्यावर इकामा हातात येईपर्यंत बँकेचं खातं नाही, घराचा करार नाही. दोन महिन्यांचा खर्च खिशात ठेवा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवायला सांगितला तर देऊ नका, तसा तो ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही.

निघण्याआधी वाटाघाटी मी एकाच गोष्टीवर केल्या, रजेवर. अमिरातीत वर्षाला किमान ३० दिवस रजा, सौदीत सुरुवातीची पाच वर्षं २१. जुबैलच्या करारात २१च होते, तेही १२ महिने भरल्यावर. मी पगार वाढवून मागितला नाही. ३० दिवस मागितले, आणि १२च्या जागी ११ महिने. एचआरवाल्या केरळी बाईंनी विचारलं, "एका महिन्याने काय फरक पडतो?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आहे, आणि माझे १२ महिने भरणार १७ला. त्या हसल्या, म्हणाल्या, आमच्याकडे ओणमचं असंच असतं, आणि दुरुस्त करार पाठवला.

कोकण रेल्वेचं आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं. बायकोने २०२३च्या मे महिन्यातच पहाटे उठून माझं ठाणे-चिपळूण तिकीट काढून ठेवलं. माझा एक्झिट री-एंट्री व्हिसा, म्हणजे सौदीबाहेर जाऊन परत यायची परवानगी, निघाला ऑगस्टच्या शेवटी.