पद्मिनी अधूनमधून ‘ओव्हर’ होते? या चुका टाळा

‘रोज मस्त चालते हो, पण कधीतरी एकदम ओव्हर होते.’ जुनी पद्मिनी मोटार नव्याने घेतलेला माणूस असं म्हणाला की मी एवढंच विचारतो, ओव्हर झाली (म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जाऊन गाडी सुरूच होईना) तेव्हा बॉनेट उघडून काय पाहिलं? काहीच पाहिलेलं नसतं. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारलेला असतो. दुसऱ्या दिवशी गाडी शहाण्यासारखी सुरू होते आणि मग हे लोक कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून बसतात! २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली. नुसत्या वासावरून दोष ओळखणारे टॅक्सीवाल्यांचे मिस्त्रीही आता कमीच भेटतात. त्यामुळे जे काय बघायचं ते आपल्यालाच, आणि गाडी रुसलेली असतानाच.

माझी सवय सांगतो. सेल्फ बंद. एअर क्लीनर काढायचा आणि टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघायचं. (टॉर्चनेच. लायटर पेटवणारा महाभागही मी पाहिलाय.) इंजिन बंद असताना नोझलमधून पेट्रोल ठिबकतंय का? एकसारखं ठिबकत असेल तर संशय फ्लोट आणि निडलवर. (फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी. पेट्रोल पुरेसं भरलं की ती वर येऊन निडल, म्हणजे सुईसारखी झडप, बंद करते.) बुडबुडे येत असतील तर उष्णतेने पेट्रोल उकळतंय. कार्ब्युरेटरखालचं, इंजिनाची उष्णता अडवणारं जाड इन्सुलेटर पॅकिंग कुणी काढून टाकलंय का बघा. घसा कोरडा आणि प्लग ओला, तर आधी ठिणगी तपासा. ठिणगीच्या सर्किटमधला कंडेन्सर गरम झाला की दगा देतो, पेट्रोल जळत नाही, आणि शिव्या कार्ब्युरेटरला बसतात.

आता माझीच फजिती. एका मित्राची पद्मिनी पुण्यात कधी त्रास द्यायची नाही. साताऱ्याला निघालो की खंबाटकी घाट आरामात चढायची, पण पुढे तासभर जेवायला थांबलो की ओव्हर. निडल व्हॉल्व्ह मी दोनदा बदलला, तिसऱ्यांदा एका गॅरेजने बदलला. फ्लोट हलवून बघितला, आत पेट्रोल वाजत नव्हतं, म्हणून चांगला ठरवला. इथेच चुकलो. पितळी फ्लोटच्या सांध्यावर सुईच्या टोकाहून बारीक भोक होतं. गाडी तापली की फ्लोटमधली हवा फुगून बाहेर जायची. जेवताना गाडी निवली की तेवढंच पेट्रोल आत ओढलं जायचं. फ्लोट जड झाला की बुडतो, मग निडल बसत नाही. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की फ्लोटमधलं पेट्रोल उडून जायचं, त्यामुळे टेबलावर तो कायम हलका आणि निर्दोष! शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी फ्लोट गरम पाण्यात बुडवला. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली आणि मी गप्प बसलो.

तेव्हापासून निडलला हात लावण्याआधी मी फ्लोटला अंघोळ घालतो. भोक सापडलं तर डाग देण्यापेक्षा (म्हणजे सोल्डरिंगने बुजवण्यापेक्षा) नवा फ्लोट घ्या. डागाचं वजन वाढून पातळी बदलते, आणि आत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर तापवताना स्फोट होऊ शकतो.

निडल बदलताना ती ज्यात बसते त्या सीटखालचा वॉशर फेकू नका. त्याच्या जाडीवरच पेट्रोलची पातळी ठरते. पातळ वॉशर घातला की पातळी वर गेलीच. पेट्रोल पंप आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगचंही तसंच आहे. ते पातळ केलं तर पंपाचा दाब वाढतो आणि निडल तो रोखू शकत नाही.

कार्ब्युरेटरला हातोडीने टकटक करून गाडी सुरू झाली, की लोक खूश होतात. निडलमध्ये अडकलेला कचरा सुटला, एवढाच त्याचा अर्थ. कचरा अजून टाकीत आहेच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या टाकीतला चिकटा सोडवतं आणि जुने रबरी पाइप नरम करतं. टाकी धुवा, इथेनॉल चालणारे पाइप टाका, फिल्टर बदला. नुसता फिल्टर बदलणाऱ्यांना महिन्याभरात परत यावं लागतं, तेव्हा माझ्याकडे येऊ नका.

ओव्हर झालेली गाडी सुरू करताना चोकचा नॉब पूर्ण आत (म्हणजे चोक न लावता) ठेवा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि थोडाच सेल्फ मारा. पंपिंग करू नका. बहुतेकांचा पाय तिथेच ऐकत नाही.

आणि एकदा डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असू शकतो. गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. टोइंग बोलवा, पंप दुरुस्त करा, मग ऑइल बदला.