‘माझं काय चुकलं, सिस्टर?’: कर्करोग वॉर्डात नव्याने येणाऱ्या परिचारिकांसाठी

कर्करोग वॉर्डात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा स्तनाच्या कर्करोगाच्या जोखमीची यादी मला तोंडपाठ होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न तो. वाढतं वय, घराण्यात कुणाला झालेला असणं, पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, पाळी थांबल्यावर घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या, तरुणपणी छातीला दिलेलं रेडिएशन.

दुसऱ्याच आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका बाईंची माहिती लिहून घेताना मी ही यादी वरून खाली वाचत गेले. पाळी कितव्या वर्षी आली? मुलं किती? अंगावर पाजलं का, किती महिने? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. मी केसपेपर मिटला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “धाकटीला तीनच महिने पाजलं. दूधच येत नव्हतं. म्हणून झालं का हे? माझं काय चुकलं, सिस्टर?”

“नाही हो, असं काही नसतं,” एवढं बोलून मी पुढच्या खाटेकडे वळले. त्या रात्रभर जाग्या होत्या हे सकाळच्या हँडओव्हरमध्ये कळलं. शस्त्रक्रियेची भीती असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. मला मात्र कारण माहीत होतं, आणि ते आजही टोचतं.

खरं तर उत्तर द्यायला हाताशी होतं. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ साली तपासली गेली, तेव्हा दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. लाखो बायकांचा हिशेब मांडला की तो फरक दिसतो. एका बाईने तीन महिने पाजलं की बारा, यावरून तिला आजार का झाला हे कुणालाही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये बाई असणं आणि वय चाळिशीपुढे असणं याखेरीज दुसरा कुठलाच धोका सापडत नाही. एकूण रुग्णांत अर्धा ते एक टक्का पुरुषही असतात. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख बायकांना हे निदान झालं. त्यांतल्या प्रत्येकीचं काहीतरी चुकलं होतं, असं कोण म्हणेल?

म्हणून नव्याने येणाऱ्या मुलींना मी सगळ्यात आधी हे सांगते. प्रश्न विचारण्याआधी एक वाक्य बोला: “हे प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. उपचार ठरवायला आणि तुमच्या घरातल्या इतरांची काळजी घ्यायला याचा उपयोग होतो. यातल्या कशामुळे तुम्हाला हा आजार झाला, असा त्याचा अर्थ नाही.” मग विचारा, आणि विचारताना कागदाकडे न बघता त्यांच्याकडे बघा. पाळीचे आणि बाळंतपणाचे प्रश्न सासरच्या मंडळींसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारू नका. कुणाची मुलं गेलेली असतात, कुणाला झालेलीच नसतात.

माझ्या मनात आता जोखमीचे दोन कप्पे झालेत. एक मागची जोखीम, जी घडून गेली. दुसरी पुढची: ताप, रक्तस्राव, हाताची सूज, शिरेबाहेर गेलेलं औषध. नवी परिचारिका मागची पाठ करून येते आणि पुढचीकडे तिचं लक्ष कमी पडतं. खाटेवरच्या बाईचा जीव मात्र या दुसऱ्या कप्प्यात असतो, आणि तिथे आपल्याला करण्यासारखं खूप असतं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस ड्रेनचे, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचे. ड्रेनची बाटली नेहमी जखमेच्या पातळीखाली हवी, नळीला पीळ नको, आत निर्वात दाब टिकलेला हवा. मोजमाप रोज ठरल्या वेळेला घ्या. कालचं सकाळी आठचं आणि आजचं दुपारी दोनचं माप एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. रंग बघायला शिका. आधी लाल, मग गुलाबीसर, मग पिवळट, असा तो उतरत जातो. उतरलेला रंग पुन्हा एकदम लालभडक झाला, बाटली भराभर भरू लागली, किंवा उलट ड्रेन अचानक कोरडा पडला आणि छातीवर फुगवटा आला, तर राऊंडची वाट बघत बसू नका, तेव्हाच कळवा. चोवीस तासांत २० ते ३० मिलीच्या खाली आलं की बहुधा ड्रेन काढतात. किती खाली हे शल्यविशारदच ठरवतात.

दंडाची आतली बाजू बधिर होईल, हे शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवा. काखेतून जाणारी एक संवेदना-नस त्यात दुखावते किंवा कापली जाते. हे कुणी सांगितलं नाही तर रुग्णाला वाटतं की अर्धांग झालं किंवा आजार हातात उतरला. काढलेलं स्तन अजून आहे, तिथे खाजतंय, असंही काहींना वाटतं. ते वेडेपणाचं लक्षण नाही हे त्यांना आपल्याकडून ऐकायचं असतं.

हात हलवायचा की नाही, यावरून नातेवाईक आणि आपण यांच्यात ओढाताण होते. घरच्यांना वाटतं, हात अजिबात हलू नये. आपण मात्र दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडायला-मिटायला, कोपर वाकवायला, केस विंचरायला लावायचं. खांद्याच्या वर हात नेणारे व्यायाम ड्रेन निघाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर. सुरुवातीचे दिवस हात बांधून ठेवल्यासारखा राहिला तर खांदा आखडतो, आणि मग रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर धरता येत नाही. हे कारण सांगितलं की रुग्ण स्वतःहून व्यायाम करतात. नुसतं “हात हलवा” म्हटलं की आपली पाठ फिरताच थांबतात.

हाताची सूज हा विषय भीती घालून शिकवला जातो. काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) पूर्ण काढल्या असतील तर साधारण पाचांतल्या एकीला ती येते. फक्त पहारेकरी गाठ, म्हणजे आजार पसरताना सगळ्यात आधी जिथे पोचतो ती, काढून तपासली असेल तर बरीच कमी. काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही. अंगठी घट्ट होणं, बाही एकाच हाताला रुतणं, हात जड वाटणं, ही पहिली लक्षणं. त्या बाजूच्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, असं आपण शिकलो. दुसरा हात मोकळा असेल तर तोच वापरा, यात वाद नाही. पण एकदा त्या हाताचा रक्तदाब घेतल्याने सूज येते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. अडचणीच्या वेळी कुणीतरी त्या हाताला पट्टा बांधला म्हणून पुढची कित्येक वर्षं धसका घेऊन जगलेल्या बाया मी पाहिल्यात. त्यापेक्षा त्या हाताला जखम झाली तर लगेच धुवा, हात लाल-गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी या, हे पक्कं सांगा. वजन आटोक्यात ठेवणं आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम हेही फायद्याचं.

केमोबद्दल लिहायचं तर एक औषध मला फार जवळून माहीत आहे. डॉक्सोरुबिसिन, आम्ही त्याला नुसतं ‘लाल औषध’ म्हणतो. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितलं नाही तर रुग्ण रक्त समजून घाबरतो. हेच औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. माझ्या ड्यूटीवर एकदा झालं. कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली सुई-नळी, मनगटाजवळ होती, औषध सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली होती, आणि बाई म्हणाल्या, “चुरचुरतंय.” सूज दिसत नव्हती. माझी सीनियर शेजारून ओरडली, “बंद कर आधी!” सुई तशीच ठेवली, सिरिंज लावून जितकं मागे येईल तितकं ओढून घेतलं, सलाईनने फ्लश केलं नाही, पेनने कडा आखल्या, डॉक्टरांना बोलावलं, थंड शेक दिला, हात उंच ठेवला. कातडी वाचली. त्या दिवसापासून “चुरचुरतंय” हा शब्द कानावर पडला की माझा हात आधी क्लॅम्पकडे जातो, डोळे नंतर बघतात. एक लक्षात असू द्या: थंड शेक लाल औषधासाठी. व्हिनोरेल्बिनसारख्या औषधांना गरम शेक लागतो. आपल्या वॉर्डात कुठलं औषध कुठल्या गटातलं, याचा तक्ता पहिल्याच दिवशी शोधून वाचा.

पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो-औषधाला आधीची स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधं वेळेवर गेलीत ना, हे बघा आणि पहिली काही मिनिटं खाटेजवळून हलू नका. चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, पाठीत कळ, हे तिथेच सुरू होतं. ट्रास्टुझुमॅब हे औषध हृदयावर परिणाम करू शकतं; ते चालू असेल तर हृदयाचा एको (सोनोग्राफी) साधारण दर तीन महिन्यांनी होतोय का, तारीख तपासा.

आणि ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, एवढा ताप ही तातडीची बाब आहे. पांढऱ्या पेशी कमी असल्याने पू होत नाही, लाली फारशी दिसत नाही. कधी ताप हे एकच चिन्ह असतं. असा रुग्ण आला की तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे, त्याआधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायचे नमुने. घरी पाठवताना “ताप आला तर या” एवढं पुरत नाही. थर्मामीटर आहे का विचारा, वाचून दाखवायला लावा, आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ताप उतरवायची गोळी आधी घेऊन झोपायचं नाही हे सांगा. गोळीने आकडा खाली येतो, संसर्ग आतच राहतो.

केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळतात. उशीवर पुंजका दिसतो तो दिवस वाईट असतो. तारीख आधीच सांगितली तर काही जणी स्वतःहून केस बारीक करून येतात. ज्यांना नको त्यांना आग्रह करू नका.

गोळ्यांचं थोडक्यात: टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी पाच वर्षं, कधी दहा. गरम वाफा येतात म्हणून बायका ती गुपचूप बंद करतात आणि कुणाला सांगत नाहीत. “घेताय ना?” असं विचारलं की हो म्हणतात. “गेल्या आठवड्यात किती राहिल्या?” असं विचारा. पोटरी दुखून सुजली किंवा पाळी गेलेली असताना रक्त गेलं, तर लगेच यायचं, हेही सांगा.

पहिलं ड्रेसिंग मला अजून जड जातं. बहुतेक जणी मान वळवून भिंतीकडे बघतात. बघायला लावू नका. मी विचारते, “मी काय बघतेय ते सांगू का?” हो म्हणाल्या तर साधं वर्णन करते: टाक्यांची रेघ आडवी आहे, काखेकडे थोडी वर गेलीय, कोरडी आहे, लाली नाही. आवाज नेहमीसारखा ठेवायचा. रुग्ण आपल्या आवाजावरून जखम बघतात.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईंनीही तीन दिवस भिंतच पाहिली. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “आरसा आहे का?” मी पडदा ओढला, छोटा आरसा दिला आणि शेजारी उभी राहिले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग बोट टाक्यांपासून जरा लांब ठेवून म्हणाल्या, “वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ आहे.” तेव्हा मी खुर्ची ओढून बसले आणि दुधाबद्दलचं राहिलेलं उत्तर दिलं. दोन आठवडे उशिरा आलेल्या परिचारिकेसारखी मी ते देत होते, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं.

डिस्चार्जच्या दिवशी त्यांची धाकटी बहीण आली होती. तिने दारात गाठून विचारलं, “मला पण होईल का?” मागची जोखीम खरी कामाला येते ती इथे. मी केसपेपर काढला. आई, बहीण, मावशी, सगळीकडे मीच ‘नाही’ लिहिलेलं होतं. तेवढंच विचारलं होतं मी. आईकडचं. जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली या आजाराशी, आणि बीजांडकोषाच्या कर्करोगाशीही, जोडलेलं बीआरसीए१ जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं, आणि ते गुणसूत्र बापाकडूनही तितकंच येतं. घराण्यातून आलेल्या जनुकबदलामुळे होणारे कर्करोग पाच ते दहा टक्केच, पण ते शोधायचे तर दोन्हीकडचं विचारावं लागतं.

“वडिलांकडे कुणाला?” मी विचारलं.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. “आत्या,” मोठी म्हणाली. “चाळिशीतच गेली. पोटाचा म्हणायचे. बीजांडकोषाचा होता वाटतं.”

मी केसपेपर टेबलावर ठेवला, आत्याचं वय लिहिलं, आणि जनुकीय समुपदेशनासाठी पाठवायच्या चिठ्ठीवर धाकटीचंही नाव घातलं.