चालत्या रणगाड्याचा नेम किती चुकतो, घरबसल्या मोजून कसं बघायचं

पहिल्यांदा एक हिशोब करा, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. समोरचा रणगाडा 2.3 मीटर रुंद धरा आणि तो 2 किलोमीटरवर उभा आहे, म्हणजे बरोबर मधोमध नेम धरला तरी दोन्ही बाजूंना जागा फक्त 1.15 मीटर. आता आपली तोफ जिथे बुरुजात (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागात) टेकलेली असते तिथून नळीच्या तोंडापर्यंत 5 मीटर धरा आणि त्रैराशिक मांडा: तोंड 3 मिलिमीटर हललं की गोळा 1.2 मीटर बाजूला, म्हणजे चुकलाच. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं फक्त!

विश्वास बसत नसेल तर भिंतीवर 12 मिलिमीटरचा चौकोनी कागद चिकटवा, 10 मीटर मागे जा आणि हातात लेझर पॉइंटर धरून ठिपका त्या कागदावर ठेवून दाखवा (कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका). प्रमाण तेच आहे. आता चालताना करून बघा.

पुढे हादरे वेगवेगळे करा, कारण सगळे हादरे सारखे नसतात. खड्ड्यातून जाताना गाडी पुढेमागे डुलते ते सेकंदाला एखाद वेळा. चेनच्या कड्यांचा खडखडाट मात्र वेगळाच, त्याचा हिशोब सोपा आहे: वेग भागिले एका कडीची लांबी. ताशी 30 किमी म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर, कडी 15 सेंटिमीटरची, म्हणजे सेकंदाला 55 ठोके.

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. गोळा नळी जिकडे बघतेय तिकडे तर जातोच पण सुटताना नळीच्या तोंडाचा आडवा वेगसुद्धा सोबत घेऊन जातो. हा वेग काढायला 6.28 गुणिले सेकंदाचे ठोके गुणिले तोंड मधल्यापासून किती सरकतं ते. सेकंदाला 55 ठोक्यांनी नळी 1 मिलिमीटर जरी थरथरली तरी सेकंदाला 35 सेंटिमीटर, गोळ्याचा वेग सेकंदाला 1500 मीटर धरला तर 2 किलोमीटरला सव्वा सेकंदाच्या वर लागतात, म्हणजे जवळपास अर्धा मीटर तिथेच गेला. गंमत म्हणजे हा वेग सगळ्यात जास्त असतो तो नळी मधोमध, अगदी नेमावर असताना! डुलण्यात 3 मिलिमीटर सरकली तर आडवा वेग सेकंदाला 2 सेंटिमीटरही नाही. म्हणून डुलणं जायरोने (दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चकतीने) सावरता येतं, बारीक थरथर फार त्रास देते.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शर्मन रणगाड्यात जायरो होता पण फक्त वर-खाली सावरणारा, ब्रिटिश सेंच्युरियनमध्ये आडवा पण आला. आपल्या नगरच्या रणगाडा म्युझियमला गेलात तर सेंच्युरियन आणि पाकिस्तानकडून युद्धात हिसकावलेला पॅटन दोन्ही बघा, एम-47 पॅटनला असला स्टॅबिलायझर (तोफ सावरणारी यंत्रणा) नव्हता. पण 1965 ची पंजाबातली असल उत्तरची लढाई आपण त्यामुळे जिंकली असं कृपया सांगू नका, तिथे आपल्या सेंच्युरियननी उसात दबा धरून, न हलता जागेवरूनच मारा केला होता.

आत्ताच्या जर्मन लेपर्ड 2 सारख्या रणगाड्यांमध्ये आधी नेमाचा आरसा स्थिर ठेवतात आणि तोफ त्याच्या मागे मागे जाते, गनरने बटण दाबलं तरी नळी आरशाच्या रेषेत आल्याशिवाय गोळा सुटतच नाही.